टाचेचा आकडा, मनगटाचं प्लास्टर

२० ऑक्टोबर हा जागतिक ऑस्टिओपोरोसिस दिन, म्हणजे हाडं आतून पोकळ होऊन सहज मोडायला लागण्याच्या आजाराचा. त्याच्या आगेमागे ठाण्यात आणि नवी मुंबईत हाडांच्या मोफत तपासणीची शिबिरं भरतात. घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांची क्लब हाउसं, नौपाड्यातले हॉल, वाशी-नेरुळच्या ज्येष्ठ नागरिक संघांच्या खोल्या, कोपरखैरण्याच्या माथाडी वस्तीतलं एखादं समाजमंदिर. टेबलावर एक पेटी असते. तिच्यात उघडा पाय ठेवायचा, टाचेला जेल लावायचं, दोन मिनिटांत चिठ्ठी बाहेर. एका बाईच्या चिठ्ठीवर उणे २.७ येतं, म्हणजे तरुण हाडाच्या तुलनेत किती कमी ते सांगणारा आकडा, आणि ती "माझी हाडं गेली" म्हणत घरी जाते. दुसरीला उणे ०.८ मिळतं, ती निर्धास्त होते. पण या दुसरीचं मनगट चार वर्षांपूर्वी मोरीत घसरून मोडलेलं असेल, तर डॉक्टरकडे आधी तिने जायला हवं. चिठ्ठीवर ते कुठेच लिहिलेलं नसतं. शिबिराच्या टेबलामागे बसून आणि पुढे डेक्सा मशीनवर (कंबर आणि खुब्याच्या हाडांची घनता क्ष-किरणांनी मोजणारं यंत्र) काम करून आमच्या हाती जे लागलं, ते इथे लिहितो आहोत.

पेटीच्या आधी प्रश्न. आणि प्रश्न विचारायची भाषा बरोबर हवी, नाहीतर सगळा फॉर्म चुकतो. "फ्रॅक्चर झालं होतं का?" याचं उत्तर बहुतेक वेळा "नाही" येतं, कारण बाईच्या लेखी तो अपघात असतो, आजार नसतो. म्हणून विचारायचं, "मावशी, चाळिशीनंतर हाताला-पायाला कधी प्लास्टर घातलं होतं का? कशाने?" उभ्या उंचीवरून किंवा त्याहून कमी उंचीवरून पडून हाड मोडलं असेल, तर ते ठिसूळपणाचं फ्रॅक्चर. ओल्या लादीवर घसरून हात टेकला आणि मनगट मोडलं, पलंगावरून उतरताना खुबा मोडला, ही त्याची नेहमीची उदाहरणं. जिन्यावरून गडगडत खाली आलेली किंवा स्कूटरवरून पडलेली बाई यात मोजत नाहीत.

मणक्याचं फ्रॅक्चर त्याहून लपून बसतं. दबलेल्या मणक्यांपैकी साधारण दोन तृतीयांश कधी कुणाच्या लक्षातच येत नाहीत. आपल्याकडे त्याला हमखास मिळणारं नाव म्हणजे "उसण भरली". पाण्याची बादली उचलली, पावसाळ्यात रिक्षा खड्ड्यात आदळली, आणि पाठीत कळ आली. महिनाभर शेक, मालिश, पट्टा, मग दुखणं ओसरतं. एक्स-रे कुणी काढत नाही. काढला तरी "मणक्यात गॅप आहे" एवढंच घरी सांगितलं जातं. म्हणून साठीपुढच्या बाईला उसण कधी भरली, किती दिवस टिकली आणि त्यानंतर पाठ वाकली का, हे सावकाश विचारायचं.

दुसरा गोंधळ शब्दांचा. "संधिवात आहे का?" म्हटलं की दहापैकी आठ जणी हो म्हणतात, कारण गुडघेदुखीलाही आपण संधिवातच म्हणतो. धोक्याच्या यादीत आहे तो आमवात: बोटांचे सांधे सुजणं, सकाळी तासाहून जास्त आखडलेले राहणं, मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदा चालू असणं. "हाडांची झीज" या शब्दाचंही तसंच. गुडघ्याची झीज म्हणजे कूर्चा घासणं. हाड पोकळ होत जाणं हा वेगळा आजार, आणि तो मोडेपर्यंत दुखत नाही. गुडघे दुखतात म्हणून हाडांची घनता तपासायला आलेल्या बाईला हा फरक समजावून सांगायला पाच मिनिटं लागतात. ती द्यावीत. नाहीतर डेक्सा नॉर्मल आल्यावर "मग दुखतं का?" हा प्रश्न उरतो आणि तपासणीवरचा विश्वासच उडतो.

पाळीचा प्रश्न नुसता "कधी बंद झाली" एवढा पुरत नाही. "पिशवी काढली होती का, आणि सोबत अंडाशयंही काढली का?" हे बाईला बहुधा माहीत नसतं. जुनं डिस्चार्ज कार्ड घरी सापडलं, तर त्यावर 'टीएएच' (पिशवी काढल्याची खूण) पुढे 'बीएसओ' लिहिलंय का बघायचं. बीएसओ म्हणजे दोन्ही अंडाशयं गेली. पंचेचाळिशीच्या आत असं झालं असेल, तर हाडांची घट तेव्हापासून मोजायची. भारतीय स्त्रियांची पाळी तशीही सरासरी ४६-४७ च्या सुमारास जाते, पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा काही वर्षं आधीच. त्यामुळे पाश्चात्त्य मार्गदर्शिकांमधली ६५ वर्षांची अट इथे जशीच्या तशी धरून बसू नये. धोक्याचं एखादं कारण असेल तर पाळी गेल्यानंतर केव्हाही डेक्सा करायला हरकत नाही.

गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतायला सांगावी. नावं विचारून काही कळत नाही. स्टेरॉइड शोधायचं: प्रेडनिसोलोन ५ मिलिग्रॅम किंवा डेफ्लाझाकोर्ट ६ मिलिग्रॅम, रोज, तीन महिने किंवा जास्त, मग ते दम्यासाठी असो की त्वचेसाठी. दम्याचा पंप त्या मानाने बराच सौम्य, आणि पंप बंद करायला कुणी सांगू नये. सांधेदुखीच्या बिनलेबलच्या पुड्या घेतल्या असतील तर ते ठळक लिहायचं, कारण अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. स्तनाच्या कर्करोगानंतर लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल, फिट्ससाठी फेनिटॉइन, गरजेपेक्षा जास्त मात्रेत थायरॉइडची गोळी, वर्षानुवर्षं उपाशीपोटी घेतलेली अ‍ॅसिडिटीची कॅप्सूल, हेही टिपायचं. मधुमेहाला स्वतंत्र खूण करायची. टाइप २ मधुमेहात घनतेचा आकडा बरा दिसतो आणि हाड त्या आकड्याच्या मानाने जास्त मोडतं.

वय हा सर्वांत सोपा रकाना वाटतो, पण आधार कार्डावर १ जानेवारी किंवा १ जून दिसली की ती तारीख अंदाजाची असण्याची शक्यता मोठी. घणसोली-कोपरखैरण्यात साताऱ्याकडून आलेल्या बायका पुष्कळ. त्यांना "कोयनेच्या भूकंपाला केवढ्या होतात?" विचारलं की उत्तर लगेच येतं. तो भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. "तिसरीत होते" म्हणाली तर जन्म १९५९ च्या आसपास. इतरांना बहात्तरचा दुष्काळ विचारावा, लग्न त्याआधी की नंतर. पाच वर्षांचा फरक सहज निघतो.

मग वजन आणि उंची. वजनकाटा सतरंजीवर ठेवला की कमी-जास्त दाखवतो, तो उघड्या लादीवरच हवा. उंची मोजताना टाचा, ढुंगण आणि पाठ भिंतीला, नजर समोर. अंबाडा असेल तर तो सोडायला किंवा बाजूला घ्यायला सांगायचा. वर बांधलेला असेल तर सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर वाढवतो, मागे असेल तर डोकं पुढे ढकलतो. डोक्याचा मागचा भाग प्रयत्न करूनही भिंतीला टेकत नसेल, तर वरचे मणके दबलेले असू शकतात. तरुणपणची उंची कुणाला आठवत नाही, पण "पूर्वी हात पोचत होता त्या फळीला आता पोचतो का, निऱ्या पायात येतात का" याची उत्तरं मिळतात. तरुणपणापेक्षा ४ सेंटिमीटर किंवा जास्त उंची कमी झाली असेल, किंवा आपल्याच नोंदीत आधीपेक्षा २ सेंटिमीटर कमी भरली, तर मणक्याचा बाजूने एक्स-रे काढायला सांगायचा, घनता कितीही असो.

एवढं हातात आलं की आशियाई स्त्रियांसाठी बनवलेलं एक साधं गणित पेटीच्या आधीच करता येतं. वजनातून वय वजा करा, ०.२ ने गुणा, दशांश सोडून द्या. ६२ वर्षं, ६० किलो: उणे ०.४, म्हणजे शून्य, धोका कमी. ६६ वर्षं, ५५ किलो: उणे २, मधला गट. ७२ वर्षं, ४६ किलो: उणे ५, जास्त धोका. उणे १ ते उणे ४ मध्यम, त्याखाली जास्त. हे गणित फक्त कुणाला डेक्साला पाठवायचं ते सांगतं. निदान करत नाही, आणि फ्रॅक्चर झालेल्या बाईला किंवा स्टेरॉइडवरच्या बाईला ते लावायचंच नाही. तिला थेट पाठवायचं.

आता ती पेटी. टाचेची तपासणी अल्ट्रासाउंडची असते, किरणोत्सर्ग नाही, आणि चाळणी म्हणून ती वाईट नाही. पण तिच्या चिठ्ठीवरचा टी-स्कोअर, म्हणजे तो उणे आकडा, आणि डेक्साचा टी-स्कोअर एक नव्हेत. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये घालून दिलेली उणे २.५ ची रेघ डेक्साची आहे, टाचेच्या यंत्राला ती लावता येत नाही. दोन कंपन्यांच्या पेट्यांवर एकाच टाचेचे दोन वेगळे आकडे येतात. शिवाय टाचेला भेगा असतील, पाय सुजला असेल, जेल कमी पडून हवेचे बुडबुडे राहिले असतील, किंवा पाय पट्टीच्या मधोमध नसेल, तर आकडा बदलतो. पाय ओल्या फडक्याने पुसून, कोरडा करून, जेल भरपूर लावून, पाय दोनदा ठेवून बघावा. दोन आकड्यांत मोठं अंतर आलं तर तिसऱ्यांदा. सकाळी शिबिर सुरू होण्याआधी यंत्र बरोबर मोजतंय का याची, त्यासोबत आलेल्या ठोकळ्यावर, तपासणी झालीच पाहिजे. ती झाली का, हे विचारायचा हक्क आयोजकांना आहे. उपचार लागू पडतात का ते बघायला ही पेटी वापरू नये. आणि चिठ्ठी थर्मल कागदाची असते, सहा महिन्यांत कोरी होते, म्हणून झेरॉक्स काढून ठेवावी.

शिबिरात आकडा खराब आला म्हणून तिथल्या तिथे गोळ्या लिहून दिल्या जातात, तेव्हा आम्हाला मनापासून वाईट वाटतं. आठवड्याला एक ६०,००० युनिटची ड जीवनसत्त्वाची गोळी सहसा आठ आठवडे देतात. त्यानंतर थांबायचं असतं किंवा महिन्याला एकवर यायचं असतं. ते न सांगितल्यामुळे ती वर्षानुवर्षं दर रविवारी घेतली जाते, आणि रक्तातलं कॅल्शियम वाढून मळमळ, बद्धकोष्ठता, गोंधळलेपण घेऊन बाई रुग्णालयात पोचते.

डेक्साची वेळ घेताना पहिला प्रश्न: कुठले भाग मोजणार? उत्तर हवं, कंबरेचे मणके आणि खुबा, दोन्ही. केंद्रं भागांच्या हिशोबाने पैसे घेतात आणि स्वस्तातल्या पॅकेजात कधी नुसती कंबर असते. साठीपुढच्या बाईत नुसत्या कंबरेवर विसंबणं धोक्याचं, त्याचं कारण पुढे सांगतो. ज्यांच्या दोन्ही खुब्यांत रॉड किंवा कृत्रिम सांधा आहे, ज्यांचं वजन टेबलाच्या मर्यादेपलीकडे आहे, किंवा ज्यांची पॅराथायरॉइड ग्रंथी जास्त चालते, त्यांच्यासाठी हाताचं हाड मोजतात, पुढच्या हाताच्या रेडियसचा मनगटाकडचा एक तृतीयांश बिंदू, आणि सहसा कमी वापराच्या हाताचा. गुडघे बदललेले असतील तर काही अडत नाही.

आदल्या दिवशी २४ तास कॅल्शियमची गोळी नको. न विरघळलेली गोळी आतड्यात राहिली, तर चित्रात मणक्यावर येते आणि घनता वाढवते. बेरियम पिऊन केलेली तपासणी, रंगद्रव्य दिलेला सीटी स्कॅन किंवा न्यूक्लिअर स्कॅन झाला असेल, तर आठवडा ते दोन आठवडे थांबायचं. उपाशी राहायची गरज नाही, आणि मधुमेही बाईला उपाशी बोलावूच नये. किरणांची भीती घालवायला एवढं सांगावं: डेक्साची मात्रा छातीच्या एक्स-रेपेक्षा कमी, निसर्गातून आपल्याला एका दिवसात मिळते साधारण तेवढीच.

कपडे हा मोठा भाग आहे. सेफ्टी पिना, हुक, परकराच्या नाड्याचं धातूचं टोक, जरीचा काठ, कमरेचा ताईत, कनवटीला खोचलेली नाणी किंवा मिसरीची डबी, हे सगळं नेमकं मोजायच्या जागेवर येतं. गाऊन द्यावा, आणि तो द्यायला बाई कर्मचारी असावी. लांब मंगळसूत्र पोटापर्यंत येत असेल तर काढायला लावण्याची गरज नाही, खांद्यावर सरकवलं की झालं. हे आधी सांगितलं की बाई सैल होऊन झोपते.

कंबरेसाठी पोटऱ्यांखाली फोमचा चौकोनी ठोकळा देतात. त्याने कंबरेची कमान सपाट होते आणि मणके एकमेकांपासून सुटे दिसतात. हात छातीवर नाहीत, बाजूला. पाठ वाकलेल्या आजींच्या डोक्याखाली उशी द्यावीच लागते, नाहीतर त्या श्वास रोखून ताठ होतात. चित्रात मणका सरळ आणि मध्यभागी हवा, खाली कमरेच्या हाडाची कड दिसायला हवी आणि वर शेवटच्या बरगड्या. या दोन खुणांवरूनच एल-१ ते एल-४, म्हणजे कंबरेचे वरचे चार मणके, मोजले जातात. एखाद्या बाईच्या शेवटच्या बरगड्या नसतात, एखादीला सहा मणके असतात. मोजणी एकाने सरकली की पुढच्या वर्षीची तुलना वाया जाते.

खुब्यासाठी पाय आत वळवावा लागतो, १५ ते २५ अंश, आणि पट्ट्याने चौकटीला बांधतात. अंगठा नव्हे, पूर्ण पाय मांडीपासून वळायला हवा. मांडीच्या हाडाची मान टेबलाला समांतर आली की खरी लांबी दिसते. न वळलेला पाय चित्रात ओळखता येतो: मांडीच्या हाडाच्या आतल्या बाजूचा छोटा उंचवटा मोठा आणि टोकदार दिसतो. नीट वळलेला असेल तर तो जेमतेम दिसतो. खुब्याच्या सांध्याची झीज असेल तर पाय वळत नाही, जोर लावू नये, दुसरी बाजू घ्यावी. पोटाची वळी मांडीवर येत असेल तर ती वर घेऊन चादरीच्या पट्टीने धरायची. बाईने स्वतःच्या हाताने धरली तर बोटं चित्रात येतात. सगळं मिळून पंधरा मिनिटं, त्यातला बराच वेळ झोपवण्यात जातो, मोजण्यात नाही.

रिपोर्ट हातात आला की आधी चित्र बघा. चित्राशिवायचा रिपोर्ट परत मागून घ्यावा. साठीनंतर कंबरेच्या मणक्यांना हाडाचे काटे येतात, महाधमनीत कॅल्शियम साचतं, एखादा मणका दबून दाट होतो. तिन्हींमुळे घनता खोटी वाढते, आणि कंबर उणे ०.५ पण खुबा उणे २.६ असं चित्र म्हणूनच दिसतं. एखादा मणका शेजारच्यापेक्षा एका पूर्ण टी-स्कोअरने वेगळा असेल तर तो वगळतात. किमान दोन मणके तरी उरायला हवेत, नाहीतर कंबर धरायचीच नाही. निदान ठरतं कंबर, पूर्ण खुबा आणि मांडीच्या हाडाची मान यांतल्या सर्वांत कमी टी-स्कोअरवरून. उणे १ आणि वर ठीक, उणे १ ते उणे २.५ च्या मध्ये घनता कमी, उणे २.५ आणि खाली ऑस्टिओपोरोसिस. खुब्यातल्या 'वॉर्ड्स' नावाच्या त्रिकोणाचा आकडा बहुतेकदा सर्वांत खराब असतो आणि लाल रंगात छापून येतो. निदानासाठी तो वापरत नाहीत. फोनवर रडवेल्या आवाजात विचारलं जातं ते बहुतेक याच आकड्याबद्दल.

टी-स्कोअर तरुण स्त्रियांशी तुलना करतो, झेड-स्कोअर आपल्याच वयाच्या स्त्रियांशी. म्हणून चुकलेलं वय झेड बिघडवतं, टी नाही. झेड उणे २ किंवा खाली असेल तर वयापलीकडचं कारण शोधायचं: थायरॉइड, पॅराथायरॉइड, मूत्रपिंड, आतड्याचे आजार, मज्जेचा कर्करोग मायलोमा. उपचाराआधी किमान कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, क्रिएटिनिन, ड जीवनसत्त्व आणि हिमोग्लोबिन एवढं तरी बघावं. अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेलं, फॉस्फरस कमी आणि ड जीवनसत्त्व फारच खाली असेल, तर ते हाड मऊ पडण्याचं लक्षण. डेक्सावर ते ऑस्टिओपोरोसिससारखंच दिसतं, पण उपाय वेगळा. बाराव्या मजल्यावर राहणाऱ्या, खाली न उतरणाऱ्या आणि अंगभर कपड्यात असणाऱ्या बायकांत हे विसरू नये.

आणि आता पुन्हा मनगटाचं प्लास्टर. टी-स्कोअर उणे १.९, म्हणजे "ऑस्टिओपेनिया" (घनता कमी, पण ऑस्टिओपोरोसिस नाही), म्हणून कॅल्शियम देऊन घरी पाठवलेल्या बाईचा खुबा आधी मोडलेला असेल किंवा मणका दबलेला असेल, तर तिला ऑस्टिओपोरोसिसच आहे, आकडा काहीही म्हणो. मनगट मोडलेलं असेल तर तो जोरदार इशारा, आणि उणे १.९ सोबत तो उपचाराकडे झुकवतो. म्हणून आम्ही डेक्साच्या विनंतीच्या चिठ्ठीवर सर्वांत वर एकच ओळ लिहितो: "फ्रॅक्चर: कधी, कुठलं, कशाने." डॉक्टरांचे डोळे आधी तिथे पडायला हवेत.

पुन्हा कधी? अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, ६७ वर्षांपुढच्या स्त्रियांपैकी दहा टक्के ऑस्टिओपोरोसिसपर्यंत पोचायला लागलेला काळ असा निघाला: टी-स्कोअर उणे १.५ च्या वर असताना सुमारे १५ वर्षं, उणे १.५ ते उणे २ मध्ये ५ वर्षं, उणे २ ते उणे २.५ मध्ये १ वर्ष. दर वर्षी सगळ्यांची डेक्सा करण्याला अर्थ नाही तो यामुळे. उपचार चालू असतील तर साधारण एक-दोन वर्षांनी, आणि त्याच मशीनवर. घरापासून जवळ पडतं म्हणून ठाण्याऐवजी वाशीला दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर केलेली डेक्सा आधीच्या आकड्यांशी जोडता येत नाही. तुलना टी-स्कोअरची नाही, ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटरची करायची. कंबर ०.७८० वरून ०.८०० झाली, तर ती अडीच टक्के वाढ. कंबरेत ५.३ टक्के आणि खुब्यात ५ टक्क्यांपर्यंतचा फरक नुसत्या मोजमापाचा असू शकतो. प्रत्येक केंद्राने आपली ही मर्यादा स्वतः काढलेली असावी लागते, तीस जणांना दोनदा टेबलावर झोपवून. केंद्राला विचारा. उत्तर मिळालं तर तिथलं काम जबाबदारीने होतं असं समजावं.

शिबिराच्या नोंदवहीत मोबाइल नंबर बहुधा मुलाचा लिहिला जातो, आणि तो दिवसभर कामावर असतो. सोबत घरी असणाऱ्या सुनेचा किंवा लेकीचा नंबर घ्यावा. पंधरा दिवसांनी फोन करून तीनच गोष्टी विचारायच्या: डेक्सा झाली का, रिपोर्ट कुणाला दाखवला, गोळी कशी घेताय. ऑस्टिओपोरोसिसवरची आठवड्याची अ‍ॅलेंड्रोनेट ७० मिलिग्रॅमची गोळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं नाही. चहाबरोबर घेतली तर ती अंगी लागत नाही. त्याच आजारावरचं दर सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन असेल, तर पुढची तारीख फाइलच्या मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरात. ते चुकलं तर थोड्याच महिन्यांत एकामागून एक मणके दबू शकतात. गावाला जायचं असेल तर आधी इंजेक्शन, मग गाव.